बाजूला न बसणारी

भागूवहिनी हरसूलकडच्या एका गावातून आमच्या घरी आली आणि १९७२ साली, पहिल्याच बाळंतपणात, मरता मरता वाचली. डॉक्टर येईपर्यंत दोन गोधड्या रक्ताने भिजल्या होत्या. बाळ जगलं, तीच आमची सुमन. वहिनीला दूध मात्र आलं नाही. आईने अळीव, खसखस, मेथी सगळं करून पाहिलं, आणि शेवटी सुमन शेळीच्या दुधावर वाढली.

त्यानंतर वहिनीला पाळी आलीच नाही.

आमच्या पंचवटीतल्या घरात बाईला कावळा शिवला की तिने तीन दिवस मागच्या पडवीत बाजूला बसायचं. आईच्या घरात माझी एमएस्सी चालत नसे; मीही बसायची. आईचे गुडघे धरलेले, मी महिन्यातले तीन दिवस पडवीत आणि उरलेले कॉलेजात. त्यामुळे चूल बाराही महिने वहिनीकडे.

"भागूचं बरंय बाई," शेजारच्या लताबाई म्हणायच्या. "कावळ्याला हिचं घरच सापडत नाय."

"सापडू पन नये," आई म्हणायची. "नवरात्र म्हणू नका, श्राद्ध म्हणू नका, आमचं काही अडत नाय."

वहिनी हसायची. पुढे तिचं हसणंही हळू झालं. दुसरं मूल व्हावं म्हणून ती दर सोमवारी कपालेश्वराला जायची. आधी एका दमात चढायची त्या पायऱ्यांवर आता तीनदा टेकायची. मे महिन्यात अंगात स्वेटर. भाजीबाजारातून घामाघूम होऊन आलेला माझा भाऊ निवृत्ती तिला विचारायचा, "काय, काश्मीरला निघाली का?" आई तिला गोगलगाय म्हणायची. मी काहीच म्हणत नसे.

मी प्राणिशास्त्र शिकवत होते. दर डिसेंबरात ग्रंथींचा धडा यायचा. मेंदूच्या खाली लोंबणारी वाटाण्याएवढी ग्रंथी मी फळ्यावर काढायची. तिच्यातून निघालेली संप्रेरकं रक्तातून गळ्यातल्या ग्रंथीकडे, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींकडे, बीजकोशांकडे जातात आणि त्यांना कामाला लावतात. बाळंतपणात फार रक्त गेलं तर कधी कधी ही ग्रंथीच मरते. मग बाकीच्या धडधाकट असूनही गप्प बसतात, कारण त्यांना कोणी हाकच मारत नाही.

१९७६ साली एका मुलीने विचारलं, "मॅडम, अशी बाई ओळखायची कशी?"

मी सांगितलं. दूध येत नाही. पाळी परत सुरू होत नाही. थंडी सोसत नाही. चेहरा फिका आणि सुजरा दिसतो, बोलणं-चालणं मंदावतं. मुलींनी लिहून घेतलं. दुपारी मी घरी आले आणि वहिनीने मला वाढलं.

तेव्हा काही लक्षात आलं नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण आलं होतं. ताट देताना तिची बोटं माझ्या हाताला लागली, थंडगार, तेव्हाच आलं होतं. कॉलेजात परीक्षा तोंडावर होत्या. वहिनीला दवाखान्यात ठेवलं असतं तर चूल माझ्याकडे आली असती. पुस्तकातले आजार विरळा असतात, असं मी स्वतःला सांगितलं आणि जेवले.

१९८३ च्या पावसाळ्यात वहिनीला साधा ताप आला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती हाकेला ओ देईना. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, काखेतले केस गळालेत का ते पाहिलं, आणि आईला विचारलं, "बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का?"

आईने लाजून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो. दोन गोधड्या."

"अंगावर दूध?"

"आलं नाही."

"पाळी?"

"अकरा वर्षं नाही."

त्यांनी मान वर केली. "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही," मी म्हटलं. "शिकवते."

इंजेक्शनं सुरू झाली. संध्याकाळी वहिनी उठून बसली आणि तिने चहा मागितला. मग रोजच्या गोळ्या आल्या. दोन महिन्यांत ती सुमनच्या मागे धावून तिला रागावू लागली. इतकं सोपं होतं ते.

डॉक्टरांनी पुढे आणखी गोळ्या वाढवल्या. त्यानंतर एका सकाळी ती न्हाणीघरातून आली ती दारातच थांबली. "वन्सं, शिवला!" तोंडावर पदर धरून ती लग्न झाल्या वर्षासारखी हसत होती.

"आता सैपाकाचं कसं करायचं?" आई म्हणाली.

मी तवा ठेवला. थोड्या वेळाने वहिनीला चहा द्यायला पडवीत गेले. कप तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवला.

"वन्सं, म्हंजे आता दुसरं राहील?"

मी तिला खरं सांगितलं. हे रक्त गोळ्यांनी आलेलं आहे. बीज पिकायला जी हाक लागते ती गोळ्यांतून मिळत नाही.

तिने कप बाजूला सारला. "आन् तवाच दाखवलं आसतं तर?"

"सांगता येत नाही, वहिनी. मूल झालंच असतं असं नाही. पण अशी थकली नसतीस."

"तुमी कालेजात हेच शिकवता ना?"

"हो."

"तवा पन?"

"तेव्हापण."

"लोकांच्या पोरींना सांगितलं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी रोज तुमाला वाढत व्हते, वन्सं."

आतून आई ओरडली, "अगं, भाकर करपली!"

"जा," वहिनी म्हणाली. मी तिथेच उभी राहिले.