आधीच वळणारी बाई

रविवारी दुपारी माणसाने जेवून आडवं व्हावं. मी मात्र शाळेच्या व्यायामशाळेत नवऱ्याचा हात धरून उभी असते. आठवडाभर ज्या शाळेत गणित शिकवते तीच ही शाळा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तिचंच तोंड बघणं माझ्या नशिबी आलंय, कारण इथे दर रविवारी स्विंग या जोडीने करायच्या विलायती नाचाचा वर्ग भरतो.

नवरा नळदुरुस्ती करायचा. मोरीखाली डोकं घालूनही त्याची टकळी चालू असायची. नळ गळायचा थांबतो पण हा बोलायचा थांबत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची. मागच्या वर्षी त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. पाय बऱ्यापैकी सुधारला, उजवा हात थोडा कमजोर राहिला, आणि बोलण्याची पार रया गेली. शब्द आत असतात, पण बाहेर यायला वेळ लागतो. एक येतो, मग लांबलचक शांतता, मग कधीतरी दुसरा. त्या शांततेत मी उडी मारते. तो "चहा" म्हणाला की "साखर कमी ना?" असं विचारून मी मोकळी. तोंडचा घास काढून घ्यावा तसं मी त्याचं वाक्य काढून घेते. बरं, बहुतेक वेळा ते बरोबर निघतं, हीच तर पंचाईत आहे.

त्याचं बोलणं परत आणायला झटणाऱ्या बाईंनी एकदा मला बाजूला घेऊन चांगलं खडसावलं. असंच चाललं तर हा माणूस बोलणं सोडून देईल, त्याला बोलायची गरजच उरणार नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांचं खोटं नव्हतं. हल्ली तो बोटानेच दाखवायला लागला होता. पूर्वी त्याला कशाची आवड होती, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी नाचाचं सांगितलं. तरुणपणी तो या स्विंगपायी वेडा होता. मी कधी सोबत गेले नाही, मला वह्या तपासायच्या असायच्या. मग आता दोघं जा, बाई म्हणाल्या. तिथे तो सुचवेल आणि तुम्हाला ऐकावं लागेल. मला अगदी रडायला आलं. शाळा, स्वयंपाक, औषधं, व्यायाम यांतच जीव मेटाकुटीला आलेला, त्यात आता नाच.

वर्ग घेते ती एरवी दातांची डॉक्टर आहे. तिने पहिल्या दिवशी समजावलं की या नाचात आधी काही ठरलेलं नसतं. एकाने सुचवायचं, दुसऱ्याने तसं जायचं. पाठीवरचा तळवा आणि बोटांची ओढ, एवढ्यावरून ओळखायचं की बाहेर जायचंय, आत यायचंय की हाताखालून वळायचंय. त्यातलं गणित मला लगेच दिसलं. आमची पावलं सहाच्या गटात आणि गाणं आठच्या, म्हणून दर वेळी पाऊल गाण्यात नव्या जागी पडतं, आणि पावलांचे चार गट झाले की दोन्ही पुन्हा एकत्र सुरू होतात. त्या दिवसात मला तेवढंच बरं वाटलं.

मग मी नवऱ्यालाही मोजायला लागले. दोनदा बाहेर, एकदा आत, मग वळण, असा त्याचा क्रम सापडला आणि माझी काळजी मिटली. त्याचा उजवा तळवा माझ्या पाठीवर धड टेकायचाही नाही, त्यामुळे सूचना उशिरा यायची. तोवर मी वळून उभी राहिलेली असायचे.

डॉक्टरीण बराच वेळ आमच्याकडे बघत होती. पेशंटशी बोलावं तशा हळू आवाजात ती म्हणाली की पावलं चांगली पडतायत, पण हा नाच तुम्ही एकट्याच करताय. मला संताप आला. पाय ठणकत होते, कंबर मोडली होती, आणि माझं चुकत तर काहीच नव्हतं. नवऱ्याने हात सैल सोडला. त्यानंतर तो मला नुसता धरून उभा राहायचा आणि मी आपली क्रमाने नाचत राहायचे. घरी तर त्याचं बोट दाखवणंही कमी झालं. जे पुढ्यात येईल ते तो निमूट खायचा.

त्याच आठवड्यात मी वर्गात फळ्यावर वर्तुळ काढलं. दर वर्षी काढते. काठावर हवे तसे ठिपके द्यायचे, सगळे एकमेकांना रेघांनी जोडायचे आणि वर्तुळाचे जास्तीत जास्त किती तुकडे होतात ते मोजायचं. दोन ठिपक्यांना दोन तुकडे, तिनाला चार, चाराला आठ, पाचाला सोळा. सहाला किती, असं विचारलं की अख्खा वर्ग बत्तीस म्हणतो. मोजून बघा म्हटलं की एकतीसच भरतात. क्रम दिसला म्हणजे उत्तर कळलं असं नसतं, हे माझं ठरलेलं भाषण मी सुरू केलं आणि अर्ध्यातच अडकले. घरी मी रोज बत्तीस, बत्तीस करत होते. मोजायचं नावच नाही. मुलांना वाटलं बाईंना घेरी आली, कोणीतरी खिडकी उघडली.

पुढच्या रविवारी मी ठरवलं की सांगितल्याशिवाय हलायचं नाही. गाणं सुरू झालं. आजूबाजूची जोडपी फिरायला लागली आणि आम्ही दोघं खांबासारखे उभे. मला लाज वाटत होती, खांदा आपणहून वळायला बघत होता. खूप वेळाने बोटांना बारीकशी ओढ लागली. मी बाहेर गेले. आता पुन्हा बाहेर, असं मनात आलं, तर त्याने मला बाजूला नेलं. मी अडखळून त्याच्या पायावर पाय दिला. तो हसला. ते हसू मी विसरूनच गेले होते.

गाण्याच्या मध्येच तो थांबला. माझे दोन्ही हात धरून त्याने तोंड उघडलं.

"घरी," तो म्हणाला.

घरी जाऊ या, दमलो. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, पिशवी कुठे ठेवलीय तिकडे नजरही गेली होती. मी जीभ दातांखाली धरली. त्याच्या गळ्याची शीर ताठली, ओठ हलले, पुन्हा मिटले. बाजूची जोडपी आम्हाला वळसा घालून जात होती. मी थांबले.

"घरी तू... बसतच... नाहीस." त्याने श्वास घेतला. "बस."

हे मला कधीच सुचलं नसतं. मी भिंतीलगतच्या बाकावर बसले आणि सगळ्यांसमोर मला रडू फुटलं. वर्षभर मी किती दमले होते, ते मला त्याच्याकडून कळलं. तो शेजारी टेकला. रुमाल शोधायला त्याला वेळ लागला, तोही मी शोधून दिला नाही.

"उद्या," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द शोधायला लागला. उद्या काय, ते मला खरंच माहीत नव्हतं.