परसातला गळका नळ

माझे बाबा प्लंबर होते आणि आमच्या परसातला नळ मला कळायला लागल्यापासून गळत होता. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "हे लोकांच्या घरचे नळ दुरुस्त करत हिंडतात आणि आमच्याकडे बघा, दिव्याखाली अंधार." बाबा चहाचा घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "उद्या करतो."

ते गेल्यावर महिनाभराने मी तो नळ दुरुस्त केला. आईच्या मनासारखं काहीतरी व्हावं, एवढाच हेतू होता. बाबांच्या पेटीतून पाना घेतला, टाकीची चावी बंद केली, नळ खोलला आणि आतला वायसर, म्हणजे ती रबराची चकती, बदलला. प्लंबरच्या मुलीला एवढं यायलाच हवं. जुना वायसर पेटीतच ठेवला, कारण बाबा काही फेकू द्यायचे नाहीत.

"झाला बाई एकदाचा," आई म्हणाली. तिचा आवाज मला वाटलं होतं तितका खूश नव्हता.

पाखरं यायची थांबली, ते त्याच आठवड्यात. मागच्या दाराशी दोन खुर्च्या टाकून आईबाबा रोज दुपारचा चहा त्यांच्यासोबत घ्यायचे. त्यांना नावंही घरातल्यासारखी होती. पिवळाजर्द, काळ्या पंखांचा, उशिरा येऊन सगळ्यांना हुसकावणारा तो जावईबापू. शेपटीखाली लाल असलेल्या जोडप्याला नणंद-भावजय म्हणायचे, कारण त्यांची कुरबुर कधी संपत नसे. एक इवलासा, उन्हात निळा चमकणारा पक्षी होता. त्याला नाव नव्हतं. बाबा त्याला नुसतं "आले साहेब" म्हणायचे.

महिनाअखेरीला मला नोकरीच्या गावी परतायचं होतं. आईला तिकडे यायचं नव्हतं आणि मी आग्रहही केला नाही. पण ती खुर्ची आत वळवून बसायला लागली होती. तिला तशी सोडून जाणं मला जमणार नव्हतं. निदान पाखरं तरी परत यायला हवी होती.

मग मी पाखरांबद्दल वाचायला बसले. मला दुसरं येतं काय? वाचलं तसं पसरट मातीचं भांडं आणून त्यात पाणी भरलं, फळं चिरून फांदीला अडकवली, धान्य टांगलं, झुडपं वाढू दिली. कावळे आले, कबुतरं आली. एक मांजर येऊन सगळी व्यवस्था बघून गेलं.

"अगं, लग्नाचा मांडव घातलाय नुसता," आई म्हणाली. "आणि वऱ्हाड म्हणून कोण, तर हा काळा."

एका दुपारी ती आडवी झाली आणि लगेच उठून बसली.

"घड्याळ बंद पडलंय का गं?"

"नाही, चालू आहे."

"मग काहीतरी बंद पडलंय. हल्ली दुपारी डोळाच लागत नाही मला."

आम्ही दोघी ऐकत राहिलो. घड्याळ चाललं होतं. पंखा फिरत होता. परसात मात्र काहीच ऐकू येत नव्हतं.

"नळ," मी म्हणाले.

आई उठून मागच्या दाराशी गेली. मग सावकाश म्हणाली, "जावईबापू त्या नळालाच लटकायचे की. उलटे होऊन थेंब टिपायचे. साहेब खाली दगडावर अंघोळ करायचे."

मी पेटी उघडून जुना वायसर शोधला आणि दारातल्या उजेडात धरला. रबर झिजलेलं नव्हतं. कडेला एक खाच होती, बारीक, सरळ, धारदार सुरीने कापलेली.

आईने तो माझ्या हातून घेतला, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

"मुद्दाम!" ती म्हणाली. "इतकी वर्षं मला 'उद्या करतो' म्हणून झुलवलं या माणसाने!" आणि ती हसायला लागली. हसता हसता खुर्चीवर बसली, पदराने डोळे पुसले. वायसर तिने मुठीतच ठेवला.

"तो दे ना, परत बसवते."

"हा मी देणार नाही. तू नवा काप."

पहिल्या खाचेने काहीच झालं नाही. दुसऱ्या वायसरची जास्त खोल गेली आणि धारच लागली.

"एवढं नाही गं. त्यांचं कसं होतं... थेंब पडायचा, मग जरा थांबायचा, आता नाहीच पडणार असं वाटायचं, तेवढ्यात पडायचा."

जिने जन्मभर त्या नळाला शिव्या घातल्या, तिलाच त्याची चाल पाठ होती. तिसरा वायसर कापताना ती माझ्या खांद्याशी वाकून उभी होती. नळ आवळला. थेंब नळाच्या तोंडाशी जमला, लोंबला, रेंगाळला आणि दगडावर पडला.

"हां," आई म्हणाली. "हेच."

दोन दिवस कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी आई चहा गाळत होती आणि जावईबापू नळावर येऊन बसले. इकडेतिकडे बघितलं, उलटे झाले, थेंब टिपला.

"आलात?" आई गाळणी हातात तशीच धरून खिडकीतून म्हणाली. "वेळेवर यायची सवय नाहीच ना तुम्हाला."

तिने स्वतःची खुर्ची दाराकडे वळवली. दुसरी मी वळवली.

आता मी तिकडून रोज दुपारी फोन करते. आई कोण कोण आलं ते सांगते. साहेब अजून यायचे आहेत, पण नणंद-भावजय रुजू झाल्यात. तिच्या बोलण्यामागे थेंब ऐकू येतो. फोन ठेवण्याआधी ती न चुकता तक्रार करते.

"नळ गळतोय हो अजून. कधी करणार आहेस?"

"उद्या करते," मी म्हणते.