टोंगातापूचा रडका क्रूस

"विचार गं, कालो, विचार. प्रश्नांनी देवाला घाम फुटत नाही."

वडिलांचा हा आवाज कालोलाइनेच्या कानात लहानपणापासून राहिला होता. वडील हापाई बेटांवरचे पाळक. रविवारी उपदेश करायचे, सोमवारी लेकीला घेऊन वाळूत शंख पालथे घालून बघायचे. ते गेले, आवाज उरला. पण टोंगा देशातल्या टोंगातापू या मोठ्या बेटावरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागल्यावर कालोलाइनेने शहाण्यासारखा बंदोबस्त केला: प्रयोगशाळेत देवाचं नाव काढायचं नाही, प्रार्थनामंदिरात रसायनाचं. दोघं शेजारी, पण बोलणं बंद.

आणि जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, कॉलेजच्या मंदिरातला नवा क्रूस रडू लागला.

क्रूस आणला होता संदेष्टे पाउलिआसींनी. अंगात परदेशी पांढरा कोट, कमरेला तिथल्या रिवाजाप्रमाणे गुंडाळलेली विणलेली चटई. म्हणजे दोन्हीकडची गिऱ्हाइकं खूश. रोज संध्याकाळी मंदिरात मुंगीला शिरायला जागा नसे.

"खिडक्या लावा!" पाउलिआसी गरजायचे. "खिडकीतून शंका आत येते! क्रुसाच्या पायाशी दिवे लावा! आता बघा, लेकरांनो, तुमच्या त्या पुस्तकांपायी प्रभू कसा रडतो!"

चार गाणी होईस्तोवर क्रुसावरून थेंब ओघळायचे. हुंदके फुटायचे. मुलं धावत जाऊन वेदीपुढे पुस्तकं वाहायची. व्याकरणाची सगळ्यांत आधी आली. भक्तीला निमित्तच हवं होतं.

नवल एवढंच, की रिकाम्या मंदिरात सकाळी प्रभूला रडू येत नसे. दुःख खरं, पण त्याला प्रेक्षक लागत.

शनिवारी कालोलाइनेची भाची, भावाची लेक लेसिएली, पुस्तकांचं गाठोडं घेऊन दारात उभी राहिली.

"आत्या, उद्या मी ही वाहणार."

"सोमवारी तुझी डॉक्टरकीची परीक्षा आहे ना गं?"

"प्रभू रडतोय, आत्या. तू नको म्हण, नाही वाहणार. तुझा शब्द मोडायची माझी काय बिशाद?"

खरंच होतं ते. तिथल्या रिवाजात आत्याचा मान बापाहून मोठा; तिच्यापुढे सख्खा भाऊसुद्धा खाली बसतो. तिने एक शब्द टाकला की विषय मिटला. शब्द कालोलाइनेच्या ओठांवर आला. तिने तो गिळला.

"आज माझ्या शब्दाने थांबशील, उद्या त्याच्या शब्दाने निघशील. त्यापेक्षा ये उद्या. गाठोडं घेऊनच ये."

रविवारी सकाळी केसांना लावायला तिने खोबरेलाची बाटली उचलली. तेल थिजून पांढरंफेक. जुलैत घरोघरी करतात तशी तिने बाटली पायरीवर उन्हात ठेवली. कडेने तेल सुटू लागलं, एक थेंब काचेवरून हळूच घरंगळला, आणि कालोलाइने पायरीवर बसून त्याच्याकडे बघतच राहिली. अख्खं बेट रोज सकाळी आपापल्या पायरीवर हा चमत्कार करत होतं, आणि त्याच्यासाठी कुणी एक गाणंही म्हणत नव्हतं!

संध्याकाळी ती गाणाऱ्यांच्या पुढे उभी राहिली; गायकवृंद तिच्याच हाताखाली होता.

"खिडक्या लावा!" पाउलिआसी गरजले. खिडक्या लागल्या, क्रुसाच्या पायाशी दिवे पेटले, पहिला थेंब डोकावू लागला.

"संदेष्टेसाहेब, गाणाऱ्यांना हवा लागते."

"शंका आत येईल!"

"येऊ दे की. सरकून बसू, तिलाही जागा करू."

खर्जातल्या धिप्पाड गड्यांनी खिडक्या धाडधाड उघडल्या. समुद्रावरचा गार वारा आत घुसला, क्रुसाच्या पायाशी लावलेले दिवे विझले; छताचे विजेचे तेवढे उरले. कालोलाइनेने हात उचलला. एक गाणं झालं, दुसरं झालं, आठवं झालं. क्रुसावर नुकताच फुटलेला थेंब अर्ध्या वाटेत अडला आणि मेणासारखा पांढरा पडला.

"प्रभू... विश्रांती घेतोय," पाउलिआसी म्हणाले. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

कालोलाइनेने नखाने तो थेंब खरवडला, तळहातावर घेतला, मूठ मिटून उघडली.

"बघा, माझा तळहातही रडला! खोबरेल आहे हे. क्रुसाच्या खाचांत थिजवून भरलेलं. खिडक्या बंद, पायाशी दिवे, वर आपल्या सगळ्यांची ऊब. वितळेल नाही तर काय करेल?"

"ही बाई देवाची परीक्षा घेते!"

"देवाची नाही हो, तेलाची. देव माझ्या वर्गात नाही." मग ती लोकांकडे वळली. "प्रयोगशाळेत नळीतला रंग पालटला की मला स्तोत्र म्हणावंसं वाटतं, आणि इथे मी तोंड मिटून बसते. चुकतं माझं. विचारणारं डोकं त्यानेच दिलंय. चमत्कार दिसला की आधी खिडकी उघडा. खरा असेल तर वाऱ्याने थिजणार नाही."

पाउलिआसी कोट सावरत मागच्या दाराने सटकले. मुलं खाली मानेने आपापली पुस्तकं उचलू लागली. व्याकरणाची बराच वेळ बेवारस पडून होती.

लेसिएली मात्र गाठोडं मांडीवर घेऊन बाकावर तशीच होती. कालोलाइने शेजारी बसली.

"कळलं ना, तेल होतं ते?"

"मला माहीत होतं, आत्या. पहिल्याच दिवशी बोटाला वास आला होता."

"मग?"

लेसिएलीने गाठोड्याची गाठ घट्ट धरली.

"देवानेच पुस्तकं सोडायला लावली म्हटलं असतं, तर लेसिएली नापास झाली असं कुणी म्हटलं नसतं. मला उद्याची भीती वाटते गं. शेवटची दोन प्रकरणं मला अजून कळलेलीच नाहीत."