ठराव ताईच्या तोंडून

कर्णबधिरांच्या संस्थेची सचिव एकोणीस वर्षं ताईच होती. तिला स्वतःला नीट ऐकू यायचं. धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा, म्हणून खुणांची भाषा ती त्याच्याबरोबरच शिकली. भाऊ पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होता. संस्थेची पत्रं ताई लिहायची, साहेबांना ताई भेटायची. सभासद दहा वाक्यं बोलले की त्यातली चार गाळून, दोन गोड करून ती पुढे सांगायची. कामं होत होती, त्यामुळे कुणी काही म्हणत नव्हतं.

वार्षिक सभेला नोंदणी कार्यालयातला अधिकारी आला. एकमेकांचे हात दिसावेत म्हणून खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. अधिकाऱ्याला खुणा कळत नसल्यानं ताई शेजारी बसून त्याला सगळं सांगत होती. अहवाल झाला, चहा झाला. मग भाऊ उठला आणि सगळ्यांनी आपल्याकडे बघावं म्हणून त्यानं दिव्याचं बटण दोनदा खालीवर केलं.

त्याच्या तिसऱ्याच वाक्याला ताई सांगायची थांबली. दोन शब्द इकडचे तिकडे केले तर या माणसाला काय कळणार, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण भाऊ थांबला होता. ती बोलेपर्यंत तो पुढे जाणार नव्हता.

"सचिव आमच्यातलाच हवा," ती सपाट आवाजात म्हणाली. "ताईनं पुष्कळ केलं. पण आम्ही चिडलो तर साहेबांना ते कळतच नाही. ताई आमचा राग दाराबाहेर ठेवून आत जाते. आता ताईनं पद सोडावं."

अधिकारी गोंधळला. यावर तुमचं काय म्हणणं, असं त्यानं तिलाच विचारलं.

"मी आत्ता फक्त दुभाषी आहे," ताई म्हणाली, आणि त्याचा प्रश्न आणि आपलं उत्तर, दोन्ही तिनं खुणांनी सभेला सांगितलं.

ठरावाच्या बाजूनं एकतीस हात वर झाले. भाऊ सचिव झाला.

परतताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली. खुणांच्या भाषेत अबोला धरायला तेवढं पुरतं. दोन थांबे गेल्यावर भावानं तिच्या खांद्यावर बोट ठेवलं.

"आधी घरी सांगायचं होतंस," तिनं हातांनी सुनावलं.

"तू समजूत काढली असतीस," तो म्हणाला. "आणि मी ऐकलं असतं."



पुढच्या महिन्यात त्यानं दवाखान्याला पत्र लिहिलं: तुम्ही रुग्णांची नावं नुसती पुकारता, आमची पाळी निघून जाते, आकड्यांची पाटी लावा. पत्रात व्याकरणाच्या चुका होत्या आणि 'आम्ही चिडलो आहोत' हे दोनदा आलं होतं. ताईनं ते टेबलावर पाहिलं, पेन उचललं आणि परत ठेवलं. दवाखान्यानं दाद दिली नाही, तेव्हा अकरा जण तिथे जाऊन बसले. दुभाषी त्यांनी बाहेरून बोलावला. चौथ्या दिवशी पाटी लागली. भावानं जेवण थांबवून हे घरात सांगितलं. ताईला बरं वाटलं, आणि थोडं खुपलंही.

एका दुपारी ती मुद्दाम दवाखान्यावरून गेली. पाटीवर आकडे बदलत होते. संस्थेतली एक म्हातारी बाकावर बसली होती. तिचा आकडा आला तशी ती उठून आत गेली. ताईकडे तिचं लक्षही गेलं नाही.