बर्फाची पैसेवारी

कॅनडात आल्यावर माणसं नाना विद्या शिकतात. कुणी गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने हाकायला शिकतं, कुणी पहाटे ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायला, तर कुणी उणे वीसमध्ये ‘नाइस डे’ म्हणायला. बळवंतरावांना काहीच शिकावं लागलं नाही. त्यांना पुरेल एवढी विद्या ते येतानाच घेऊन आले होते. ती विद्या म्हणजे न मोजता आकडा लिहिणं.

बळवंतराव महसूल खात्यात सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, म्हणून निवृत्त झाले होते. सारी नोकरी दुष्काळी तालुक्यात गेली. दरवर्षी पिकाची पैसेवारी काढायची, रुपयात किती पैसे पीक आलं ते. पन्नास पैशांच्या खाली गेली की दुष्काळ जाहीर करायचा, आणि दुष्काळ जाहीर होणं वरच्यांना मानवत नसे. मग शिवारात ज्वारीची करपलेली ताटं उभी असली तरी चावडीत चहा घेता घेता कागदावर बावन्न पैसे पीक डोलू लागे. बळवंतरावांच्या कागदावरचं पीक कधी करपलं नाही. त्याला कीड लागली नाही, की रानडुकरांनी ते खाल्लं नाही.

मुलगा नंदन वॉटर्लूला एका टेक कंपनीत होता. त्याने आईबापांना बोलावून घेतलं, पीआर झाली, म्हणजे कायम राहायचा परवाना मिळाला, आणि बेसमेंटमध्ये दिवस ढकलणं सुरू झालं. अशात एक दिवस देशी ग्रोसरीच्या दुकानात, कोथिंबिरीच्या जुड्या चाळवताना, रॉड्नी भेटला. हा वसईचा गडी तासाभरावरच्या हेरन हिल नावाच्या स्कीच्या टेकडीवर बर्फ बनवायचा.

“बनवतोस म्हणजे?” बळवंतरावांनी विचारलं.

“तळ्यातलं पाणी पंपाने वर खेचायचं, तोफेतून हवेत उडवायचं. हवा थंड असली तर खाली येईपर्यंत बर्फ. नसली तर आंघोळ.” रॉड्नी हसला. “साहेब, आमच्याकडे रोज सकाळी बर्फ किती ते लिहायला माणूस पायजे. येता?”

अशा रीतीने वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी बळवंतराव बर्फाचे सर्कल झाले. त्यांना निळं जाकीट, दोन मीटरची काठी, एक रजिस्टर आणि लॉजच्या खिडकीशी खुर्ची मिळाली. मॅनेजर डग गोड बोलणारा, गुबगुबीत माणूस. त्याने पहिल्याच दिवशी नियम सांगितला. मोठ्या उतारावर तीस सेंटिमीटर बर्फ हवा, त्याच्या खाली गेला तर उतार बंद. आणि ‘बळवंतराव’चा नुसता ‘बी’ करून, डोळा बारीक करून म्हणाला, “पण तो तीसच्या खाली सहसा जात नाही, बी.”

बळवंतरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सात समुद्र ओलांडून ते आपल्याच कचेरीत येऊन पोचले होते!

पार्किंगलगतच्या तिसऱ्या नंबरच्या तोफेखाली बर्फाचा हा मोठा ढीग साचायचा. रॉड्नीची मंडळी त्याला ‘व्हेल’ म्हणत, आणि खरंच तो पहुडलेल्या देवमाशासारखा दिसे. बळवंतराव थंडी सोसवली तर त्या ढिगात काठी खुपसत, नाही सोसवली तर खिडकीतून त्याच्याकडे नुसतं बघत. मग कधी चौतीस, कधी छत्तीस, आणि डगचा वाढदिवस होता त्या दिवशी चाळीस. खाली झोकदार सही. तोच आकडा वेबसाइटवर जाई.

बायकोला, सुनंदाबाईंना, हे कळलं तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. माहेराहून त्या जात्यावरच्या ओव्या पोटात घेऊन आल्या होत्या. जातं मागे राहिलं, ओव्या राहिल्या नाहीत. लाटणं न थांबवता म्हणाल्या,

“आभाळ रुसलं गं बाई, नाही बर्फाचं टिपूस,
माझ्या सर्कलसाहेबांनी पेनातून पिंजला कापूस.”

“टोमणे मारू नकोस,” बळवंतराव म्हणाले. “इथे पद्धतच तशी आहे.”

“तिथेही तशीच होती. पद्धत तुमच्या पाठोपाठ येते की तुम्ही तिच्या पाठोपाठ जाता, तेवढं सांगा.”

दोन हजार सतराच्या फेब्रुवारीत हवेला वेड लागलं. ऐन हिवाळ्यात पारा वर चढला आणि शनिवारी, रविवारी पाऊस लागून राहिला. आभाळातून येतो तो बर्फ हळवा असतो, लेकीसारखा अंगणात अलगद उतरतो. तोफेतून येतो तो जाड, रव्यासारखा कणीदार. पण पावसाला सगळे सारखे. हळवा गेला तसा कणीदारही गेला. उताराच्या कडेने पाण्याचे ओहळ लागले, आणि पिवळं गवत माना वर काढून पाहू लागलं, मार्च आला का म्हणून.

सोमवारी फॅमिली डेची सुट्टी. नंदन मराठी मंडळाचा सेक्रेटरी. त्याने हेरन हिलची सहल ठरवली होती. दोन बसेस, नव्वद माणसं, त्यांत पस्तीस पोरं, नंदनची लेक अवनीसुद्धा. रविवारी संध्याकाळी अध्यक्ष उमाताईंचा फोन आला, की हवा अशी, आपण रद्द करू या का? नंदनने स्पीकरवरच उत्तर दिलं.

“उमाताई, वेबसाइटवर चौतीस सेंटिमीटर आहे. आणि तो आकडा वेबसाइटचा नाही, माझ्या बाबांचा आहे. ते मोजतात. तीस वर्षं सरकारात काढली, कधी कागदावर खोटं लिहिलं नाही. ट्रस्ट मी.”

बळवंतरावांच्या हातातला वरणभाताचा घास हातातच राहिला. सुनंदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पण या वेळी ओवी म्हटली नाही. ओवी म्हटली असती तर बरं झालं असतं.

सकाळी ते रॉड्नीच्या ट्रकमधून निघाले. वाटेत एकदाच बोलले. “रॉड्नी, आज वरपर्यंत मोजायचं.”

“वरपर्यंत म्हणजे तुम्ही?” रॉड्नीने गाडी जवळजवळ थांबवली. “चाळीस दिवसांत तुम्ही पार्किंगच्या पलीकडे गेलेला नाहीत, साहेब.”

गेले. रॉड्नीचा दंड धरून, घसरत, देवाचं नाव घेत गेले. काठी खुपसली, नऊ. पुढे खुपसली, सात. ग्रूमर नावाचं ते अजस्र यंत्र रात्री उतारावर फिरून गेलं होतं. कडेचा बर्फ ओढून त्याने मधली टकलं झाकली होती, विरळ केस कंगव्याने आडवे पसरावेत तशी. वरून सगळं पांढरंशुभ्र, रेघारेघांचं, धुतल्या लुगड्यासारखं. वळणाखाली, जिथे उतार एकदम तोल सोडतो, तिथे बळवंतरावांनी काठी टेकवली आणि ती टणकन वाजली. दगड. वर बर्फ सहा सेंटिमीटर.

“इथनं पोरं सुसाट येतात,” रॉड्नी म्हणाला. त्याचा मस्करीचा सूर गेला होता. “मी डगला बोल्लो, बंद कर. तो बोल्ला, रजिस्टर बघ.”

“तोफा लाव की!”

“एवढ्या गरम हवेत? तुमच्या पोरांवर पाणी मारू? थंडी देव देतो, साहेब. मी फक्त पंप चालवतो.”

बळवंतराव त्या दगडापाशी उभे राहिले. पण जुन्या कारकुनाच्या जिवात लपायला एक बीळ असतंच. त्यांनी तिथेच कागद काढला आणि पंचनामा सुरू केला. पूर्वेस पार्किंग, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस चेअरलिफ्ट, उत्तरेस पाइनची झाडं, येणेप्रमाणे चतुःसीमा असलेल्या उतारावर समक्ष पाहणी केली असता बर्फ सहा ते नऊ सेंटिमीटर आढळून आला. पंच म्हणून रॉड्नीची सही घेतली, स्वतः इंग्रजी प्रत केली आणि डगच्या टेबलावर ठेवली.

डगने ती वाचली, हसला. “ब्यूटिफुल, बी. आता आपल्या फॉर्ममध्ये एकतीस लिही.”

“तुम्ही म्हणता तर लिहितो,” बळवंतरावांनी हुकमाचा एक्का टाकला. “फक्त तसा आदेश लेखी द्या. सहीनिशी.”

या एका वाक्याने त्यांनी दोन कलेक्टर आणि एक आमदार गार केला होता. डग गार झाला नाही.

“कशाला? आजचा आकडा नको असेल तर नको लिहू. कालचाच राहू दे. चौतीस, तुझ्या सहीचा.” त्याने रजिस्टर प्रेमाने त्यांच्याकडे वळवलं. “चाळीस दिवस, बी. सगळ्या सह्या तुझ्याच. माझी एकसुद्धा नाही.”

बळवंतरावांनी पानं उलटली. चौतीस, छत्तीस, चाळीस. किती देखणी सही! जन्मभर त्यांनी दुसऱ्याच्या सहीमागे लपायचा धंदा केला, आणि इथे डग त्यांच्याच सहीमागे ऐसपैस, पाय पसरून बसला होता.

सव्वाआठ झाले होते. बसेस निघून पाव तास झाला होता. त्यांनी नंदनला फोन लावला.

“बाबा! सगळे एकदम जोशात आहेत. अवनी विचारतेय, इज इट रिअल स्नो?”

“नंदन, मोठ्या उतारावर सहा सेंटिमीटर आहे. खाली दगड. पोरांना आणू नकोस.”

“काल तर चौतीस होतं.”

“काल मी मोजलं नव्हतं.”

बसमधली गाणी ऐकू येत होती. नंदनचा आवाज खाली गेला. “ओके. ओके, बाबा. मी अनाउन्स करतो की मशीन बिघडलं. तुमचं नाव येणार नाही. ड्यू टु अनफोरसीन सर्कमस्टन्सेस म्हणून इमेल टाकतो.”

क्षणभर बळवंतरावांना मुलाचा अभिमान वाटला. काय सफाई, काय चपळाई!  जमीन नाही, वाडी नाही, पोराला वारसा म्हणून काय मिळालं ते दुसऱ्याच क्षणी त्यांना लख्ख दिसलं.

“अनफोरसीन काय त्यात? मी रोज खिडकीतून बघत होतो. फोन माइकला लाव.”

“बाबा, प्लीज.”

“लाव म्हणतो ना!”

गाणी बंद झाली. बळवंतराव उभे राहिले, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. “मी नंदनचा वडील बोलतोय. उतारावर बर्फ सहा सेंटिमीटर आहे. वेबसाइटवरचे आकडे माझे आहेत. मी मोजले नव्हते. चाळीस दिवस मोजले नव्हते. इकडे येऊ नका.”

 मग मागच्या सीटवरून कुणी तरी खणखणीत म्हणालं, “म्हणजे अगदी आपल्याकडच्यासारखंच हो!” आणि सगळी बस मनापासून हसली. टाळ्यासुद्धा पडल्या.

नंदन हसला नाही. माइक बंद करून, फोन कानाशी लावून त्याने अगदी हळू विचारलं, “बाबा, तिकडे असतानापण?”

“हो.”

“सगळी वर्षं?”

“बहुतेक.”

 “दोन्ही बसेस वळवायला सांगतो,” नंदन म्हणाला. “संध्याकाळी बोलू.” फोन बंद झाला.

डगने जाकीट परत मागितलं नाही, नोकरीवरून काढायची त्याला घाई नव्हती. पण नव्वद माणसं परत गेल्याचं कळताच त्याने हिशोबी चेहऱ्याने उताराच्या तोंडाशी दोरी लावली आणि पाटी टांगली. ‘तुमच्या आनंदासाठी उताराची देखभाल चालू आहे.’

बळवंतराव त्या दोरीपाशी काठी घेऊन उभे राहिले. संध्याकाळ अजून लांब होती. एक बाई स्की खांद्यावर घेऊन आल्या, पाटी वाचली, निळ्या जाकिटाकडे पाहून विचारलं, “खरंच किती आहे?”

“सहा,” बळवंतराव म्हणाले. “वळणाखाली. बाकी ठिकाणचंही सांगतो, थांबा.” आणि खिशातला पंचनामा काढून त्यांनी तो पूर्वेच्या पार्किंगपासून वाचायला घेतला.