दाराबाहेरचं शिंग

“बाहेर? म्हणजे हाकलून दिलं तुला?” पोल्डी एवढ्या मोठ्यांदा ओरडली, की व्हिएन्नाच्या त्या संगीतगृहाच्या बोळात टांगलेले ओव्हरकोटसुद्धा दचकले असतील.

“अगं, हळू! हाकलतंय कोण?” वेन्झेलने बायकोच्या कानाशी तोंड नेलं. “या नव्या संगीतकारांची तऱ्हाच न्यारी. सूर समोरून आलेला चालत नाही त्यांना. धुक्यापलीकडून, डोंगरावरून यायला हवा. म्हणून मी दाराबाहेर.”

“आणि मी आत बसून काय ऐकू? कप्पाळ?”

तिथंच तर घोडं अडलं होतं. वेन्झेल जन्मभर वाद्यवृंदात पितळी शिंग वाजवत आला. पोरांच्या रगाड्यात पोल्डीला एकदाही यायला जमलं नाही. आता पोरं मार्गी लागली, तर हिचे कान चालले. होतं नव्हतं तेही हिवाळ्यापर्यंत जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून तर आज हट्टाने तिला आणलं, अगदी पुढची खुर्ची मिळवली.

“इथंच बस, माझ्यापाशी,” तो म्हणाला.

दारवान श्रामने कपाळाला हात लावला. “वहिनी, दार उघडल्यावर एक शब्द काढलात तर माझी नोकरी जाईल हो!”

पोल्डीने तोंडावर हात ठेवला.

आत व्हायोलिनं विरत विरत गेली. श्रामने दार हळूच किलकिलं केलं आणि वेन्झेल वाजवू लागला. अगदी मवाळ, फुंकर घालावी तसं. बोळ उरला नाही, ओव्हरकोट उरले नाहीत. कुठली तरी संध्याकाळ होती, बर्फ होतं, आणि पलीकडून कुणी हाक देत होतं. इतकं सुंदर त्याने आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

दार मिटलं. पोल्डीने तोंडावरचा हात काढला.

“आता कधी वाजवणार रे?”

श्रामने मान खाली घातली. आत आता नगाऱ्यांसकट सगळा वाद्यवृंद गर्जत होता. बाहेर कुणी काही फुंकलं तरी कुणाला कळणार नव्हतं.

“आत्ता,” तो तिच्या कानात म्हणाला. तिचा हात त्याने शिंगाच्या रुंद तोंडावर टेकवला आणि तेच सूर पहिल्यापासून धरले, या खेपेला छाती फुटेस्तोवर.

पितळ थरथरलं. पोल्डीने हात झटकन मागे घेतला, मग दोन्ही तळवे टेकवले.

“अगं बाई! हे होय?” ती पुटपुटली.

वाजवून संपलं, तरी तिने हात काढले नाहीत. तोही शिंग तसंच धरून उभा राहिला.