मुंडीसकट बांगडा

दोह्याच्या बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटला कुलूप लावून आम्ही आयर्लंडला निघालो, तेव्हा जातानाची तिकिटं दोन होती आणि येतानाची तीन. तिसरं आमच्या तसनीमचं. कॉर्क शहरात नर्सिंग शिकून तिला तिथल्याच हॉस्पिटलात नोकरी लागली होती. यांचं म्हणणं, "शिक्षन झालं, खलास. आता दोह्यात आईबापाजवळ रवायचं." मला वाटत होतं, पोरीनं तिथं राहावं. पण रहमानसाहेबांच्या घरात माझं मत विचारतो कोण!

तसनीमनं एक दिवस मागून घेतला. "अब्बा, उद्या फक्त माझं शहर बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

मी तर हरखूनच गेले. नदीच्या दोन फाट्यांमध्ये वसलेलं गाव, चढावर रंगीबेरंगी घरं, आणि माणसं अशी निवांत की बसवाल्याचेसुद्धा आभार मानून उतरतात. शँडनच्या चर्चच्या मनोऱ्यात पाहुण्यांनाच घंटा वाजवू देतात. मी दोर ओढून अख्ख्या गावाला ऐकवलं. हे खाली बाकावर, हाताची घडी घालून. कॅफेत गरम स्कोन आले, तिथले जाडजूड गोडसर पाव, त्यावर लोणी आणि मुरंबा. यांनी दोन संपवले आणि वर म्हणाले, "दोह्यात काय कमी हाय?" मला असा राग आला!

दुपारी तिनं जुन्या बाजारात नेलं. वर उंच छप्पर, खाली बर्फावर चकचकीत मासे. तिथं मात्र यांना राहवेना. रत्नागिरीचा माणूस, कल्ला उघडून लाली बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. यांनी बोट घातलंच. मी लाजेनं अर्धी झाले.

मासेवाला गोरा हसत सुटला. "तुम्ही तसनीमचे वडील ना? तीही असंच करते." त्यानं खालून एक पुडकं काढलं. "सगळे मुंड्या काढायला सांगतात. हिचे बांगडे मी मुंडीसकट वेगळे ठेवतो."

यांनी ते पुडकं दोन्ही हातांनी घेतलं. संध्याकाळी तिच्या हातचं कालवण खाल्लं, मुंडी चोखली आणि हे सरळ झोपायला गेले. माझा जीव टांगणीला.

सकाळी मी तिची बॅग भरायला घेतली.

"ऱ्हाऊ दे," हे म्हणाले. "इतक्या लांब माझ्या पोरीसाठी कोनतरी मासा राखून ठेवतो, रबिया. तिला कशाला हलवायची?"

तसनीम त्यांच्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, आनंदानंच.

परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी आम्ही दोह्याच्या मासळीबाजारात गेलो. विक्रेत्यानं सुरी उचलून विचारलं, "मुंडी काढू?"

"नको, नको," हे घाईघाईनं म्हणाले. "आमची पोरगी मुंडी खाते."

मी पुडकं घेतलं आणि त्यांचा हात धरून गाडीकडे चालू लागले.